आवणीनंतरचे स्टँड

बोईसर, शुक्रवार, जून १९९५

सोलर बंबांचे चार-दोन स्टँड करणाऱ्या माझ्या वर्कशॉपला आज माळरानभर पॅनेलांच्या स्टँडचं काम चालून आलं! प्रायोगिक सौर वीजकेंद्र उभारणारे साहेब स्वतः आले होते. "हा धंदा वाढणारच, बाई. जुलैअखेर माल हवा."

जुलैअखेर. माझा वेल्डर जानू मासवणचा, पाऊस लागला की भातलावणीला गावी जातो. दुप्पट मजुरी दिली तर राहशील का, विचारलं. तो म्हणाला,

"ताई, आवणी चुकली तं वरीस गेलं. आय एकली हाय. आवणी झाली का येतो, मंग रात-दिस नाय बघनार."

दुसरा वेल्डर मिळाला असता. बोईसरात काय कमी आहेत? पण वर्कशॉप बंद पडायची वेळ आली होती तेव्हा हाच एकटा थांबला होता. मी साहेबांना ऑगस्टअखेर सांगितलं. ते गाडीत बसून निघून गेले. जुलैअखेर म्हणायला हवं होतं का?

संध्याकाळी त्यांचा फोन आला. निम्मे स्टँड माझ्याकडून ऑगस्टात घेतील, निम्मे दुसरीकडून.

जानूचा चेहरा पडला. "माज्यापायी निम्मं गेलं, ताई."

"निम्मं आलं, असं म्हण," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो गावी जायला निघाला.