आईंच्या सायकलची प्रकाशयोजना

ती. स्व. दादा यांना,

साष्टांग नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम आहे असं धरून चालतो, कारण मागच्या पत्रातली अक्षरं तुम्ही कागद फाटेपर्यंत दाबून लिहिली होती आणि आजारी माणसाच्या मनगटात एवढा जोर नसतो. वहिनींची पाठ आता कशी आहे? मुलांच्या परीक्षा संपल्या असतील. इकडे तुमची बहीण ठणठणीत असून तुमच्यावर रागावलेली आहे. (माझ्यावरही आहे, पण ते नेहमीचंच.) तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या पत्रानंतर दोन दिवस काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा घरातली भांडीसुद्धा आवाज करायला घाबरतात.

तुम्ही चिडलात ते मला पूर्ण समजतं. मागच्या महिन्यात स्टेशनवरून येताना तुमच्या टॅक्सीवाल्याने वळणावर करकचून ब्रेक मारला, काच खाली करून पुढच्या सायकलवाल्या बाईचा उद्धार केला, आणि त्या उद्धाराला तोडीस तोड उत्तर देणारा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटला, कारण त्याच आवाजाने तुम्हाला लहानपणी पाढे शिकवले होते. पोटच्या पोराच्या टॅक्सीखाली येता येता आई वाचली, ही काही साधी गोष्ट नव्हे. त्यावर आईंचं म्हणणं एकच, की मागचा दिवा चालू होता आणि टॅक्सीवाला आंधळा होता. तुमचं म्हणणं, दिवा नव्हताच. मग तुमचं ते पत्र आलं: एक तर अंधारात सायकल बंद, नाही तर महिनाअखेरीस येऊन आईला कायमची माझ्याकडे घेऊन जातो. तोवर जावयाने दिव्यांचं काय करायचं ते करून पाहावं. (‘बघू काय दिवे लावता ते’ हे वाक्य तुम्ही खाली रेघ मारून लिहिलं आहे. पाहिलं मी.)

आता सायकल बंद म्हणजे काय बंद, हे तुम्हाला लांबून कळत नसेल म्हणून लिहितो. तलावावरचा आईंचा पोहायला शिकवण्याचा संध्याकाळचा वर्ग अंधार पडल्यावर सुटतो आणि त्या वेळी तिकडून बस नसते. सायकल नाही तर वर्ग नाही. त्या वर्गात सगळी मोठी, पाण्याला भ्यालेली माणसं असतात. एक न्यायाधीश आहेत, कोर्टात त्यांच्यापुढे भलेभले चळाचळा कापतात, पण तलावाचा कठडा सोडताना ते आईंचा हात धरतात. एक दाढीवाले शिल्पकार आठवडाभर नुसते काठावर बसून पाय भिजवत होते. आई त्यांना काही म्हणत नाहीत, शिट्टीसुद्धा वाजवत नाहीत. त्यांच्या शेजारी पाण्यात उभ्या राहतात आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारतात, आणि बोलता बोलता माणूस कधी तरंगायला लागला हे त्यालाच उशिरा कळतं. सासू या विषयावरचे आमच्या रंगभूमीवरचे यच्चयावत विनोद मी स्वतः दिवे टाकून लोकांना दाखवले आहेत, पण हे पाहिल्यापासून त्यांतल्या एकालाही मला हसू येत नाही.

तर दिवे. दिवे म्हणजे माझं खातं. इतकी वर्षं नाट्यगृहात प्रकाशयोजना करतो आहे, सूर्योदय काय, वीज काय, सासुरवाशिणीच्या डोळ्यांतलं पाणी काय, सगळं आम्ही वरून सोडतो. शिवाय खुर्च्या बदलायचं काम निघाल्यामुळे नाट्यगृह सध्या बंद, म्हणजे संध्याकाळी मी मोकळा. एका सायकलला दोन दिवे लावायचे, त्यात अवघड ते काय, असं मी तुमच्या बहिणीला म्हणालो. ती नुसती माझ्याकडे बघून आत गेली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सायकलच्या दुकानदाराने मला खोक्यांची चळत काढून दाखवली आणि प्रत्येक खोक्यावरचा उजेडाचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा कसा आहे ते सांगितलं. मी सर्वात मोठ्या आकड्याचा दिवा उचलला. (आमच्या धंद्यात कमी उजेडाबद्दल ओरडा बसतो, जास्तीबद्दल कधीच नाही.) अंधार पडल्यावर वर्ग सुटला तेव्हा मी तलावापाशीच उभा होतो, आणि आई तो लावून निघाल्या. तलावाचे टॉवेल नेणारी लाँड्रीची गाडी समोरून येत होती, ती आमच्या डोळ्यांदेखत फुटपाथवर चढून एका खांबापाशी थांबली. लाँड्रीवाला डोळे चोळत खाली उतरला आणि म्हणाला की समोर सूर्य उगवल्यावर स्टिअरिंग कुठे फिरवायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. आईंनी तिथल्या तिथे दिवा बंद केला, त्याची माफी मागितली आणि मला एवढंच म्हणाल्या:

“जावईबापू, ज्याने मला चुकवायचं त्यालाच आंधळं करून मी सुरक्षित कशी होणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण कल्पना होती. (उत्तर नसलं की मला हटकून कल्पना सुचते. तुमच्या बहिणीचं माझ्याबद्दलचं हे सर्वात जुनं गाऱ्हाणं.) मी विचार केला, की प्रश्न काय आहे? आई लोकांना दिसत नाहीत. माणूस दिसत नसेल तर आम्ही काय करतो? माणसावर दिवा टाकतो. मग मी कॅरिअरला एक दांडा बांधला, त्याच्या टोकाला छोटा स्पॉट लावला, त्यावर फिकट पिवळा जिलेटिनचा कागद चढवला आणि तो बरोब्बर आईंच्या गालावर पडेल असा वाकवला. दादा, खोटं नाही सांगत, काय दिसत होत्या! गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या, समोरच्या दंतवैद्यांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. पंचाईत एकच झाली. उजेडात उभ्या असलेल्या नटाला समोरचं काळं प्रेक्षागृह दिसत नसतं, त्याला पाठ केलेल्या पावलांवर चालावं लागतं, आणि आईंनी रस्ता पाठ केलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात त्या सरळ आत शिरल्या, चेहरा शेवटपर्यंत उत्तम उजळलेला. वाळू मऊ होती, काही लागलं नाही, काळजी नसावी.

ढिगातून उठून, केसांतली वाळू झटकून त्या खो खो हसायला लागल्या. मी मात्र तिथेच फुटपाथवर बसलो. महिनाअखेर डोळ्यांपुढे दिसायला लागली होती, तुम्ही दारात, आईंची बॅग भरलेली, आणि हे सगळं माझ्या अक्कलहुशारीमुळे. त्यांना ते दिसलं असावं. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या की उद्यापासून दिवे तुम्ही लावा, बघायचं काम मी करते.

बघायचं म्हणजे कुठून, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दादा, एवढे दिवस तुम्ही, मी, दुकानदार, सगळे सायकलवर बसून विचार करत होतो. आई लाँड्रीवाल्याच्या गाडीत जाऊन बसल्या. त्याच गाडीत, त्याच माणसाच्या शेजारी. त्याला म्हणाल्या की परवा मी तुझ्या डोळ्यांवर अन्याय केला, आज तुझ्याच डोळ्यांनी बघते. तोही आनंदाने तयार झाला. (त्याची बायको आईंच्याच वर्गात पोहायला शिकली आहे.) तलावामागच्या रिकाम्या रस्त्यावर मला सायकलवर बसवण्यात आलं, अंगात आईंचा झगझगीत पिवळा रेनकोट, पाठीवर त्यांची पिशवी, कॅरिअरवर त्यांचा ओला टॉवेल, कारण परीक्षा खरी व्हायची तर सगळं रोजच्यासारखंच हवं असा हुकूम होता. एक शिट्टी म्हणजे निघा, दोन म्हणजे परत या, लांब शिट्टी म्हणजे दिवा बदला. मी दुकानातून पारखायला आणलेले दिवे एकेक करून लावत समोरून आलो, पाठमोरा गेलो, वळलो, पुन्हा आलो. न्यायाधीश आणि शिल्पकार वर्ग संपवून पंचे खांद्यावर टाकून बघायला उभे राहिले होते. आयुष्यभर मी लोकांवर उजेड टाकला, त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्यावर पडला आणि नट मंडळी एवढी चिडचिडी का असतात ते मला समजलं.

समोरच्या दिव्यांचा निकाल लवकर लागला. लुकलुकणारा बाद, कारण तो दिसतो खरा पण किती लांब आहे याचा अंदाज लाँड्रीवाल्याला येईना. हेल्मेटवरचा बाद, कारण मी ज्याच्याकडे बघेन त्याचे डोळे दिपत होते. एक दिवा मला फार आवडला होता, पण त्याचं बटण मुगाच्या दाण्याएवढं, आणि आई म्हणाल्या की पाण्यातून निघाल्यावर बोटं सुरकुतलेली असतात, ते दाबलं गेलं की नाही हेसुद्धा कळायचं नाही. मग मागच्या दिव्यांची पाळी आली. मी पाठमोरा निघालो आणि लगेच दोन शिट्ट्या झाल्या. दुसरा दिवा लावला, पुन्हा दोन शिट्ट्या. तिसऱ्याला आई गाडीतून उतरून स्वतः चालत आल्या.

सायकलच्या मागे गुडघे टेकून त्यांनी पाहिलं. दिवा चालू होता, चांगला लाल भडक. त्याच्यावर टॉवेल होता. ओला टॉवेल पिशवीत कोंबला तर वास येतो म्हणून आई तो रोज कॅरिअरवर पसरतात, वाऱ्याने घरी येईपर्यंत निम्मा वाळतो, आणि त्याचं टोक मागच्या दिव्यावर पडद्यासारखं लोंबतं. किती वर्षं ते लोंबत होतं कोण जाणे. आईंनी टॉवेलचं टोक उचललं, दिवा दिसला; सोडलं, दिवा गेला. मग म्हणाल्या:

“त्या टॅक्सीवाल्याची काही चूक नव्हती. दादाचीही नव्हती. दिवा लावला होता मी, आणि झाकलाही मीच.”

तुमचं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं, दोन्ही एकदमच खरी ठरली. मला वाटलं होतं त्या खजील होतील. त्या खजील झाल्या नाहीत, नुसत्या उठल्या आणि त्यांनी टॉवेल काढून लाँड्रीवाल्याच्या हातात दिला. तोच म्हणाला की तलावाचे टॉवेल नेतोच आहे, त्यात हा एक, उद्या वर्गाच्या आधी धुऊन आणून देईन. प्रश्न मिटला. अशा वयात स्वतःची चूक इतक्या सहज उचलून बाजूला ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी रोज नटांमध्ये वावरतो.

शेवटी ठरलं ते असं. पुढे एकच पांढरा दिवा, न लुकलुकणारा, मोठ्या बटणाचा, मान खाली घालून बसवलेला, म्हणजे उजेड रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या छातीच्या वर जात नाही. मागे लाल दिवा मडगार्डवर, आणि दुसरा आईंच्या पिशवीच्या पट्ट्याला शिवलेला, एक विझला तर दुसरा असावा म्हणून. पण सर्वात गंमत पायडलची. दोन्ही पायडलना चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या आहेत. त्या वरखाली होताना दिसल्या की लाँड्रीवाला लांबूनच म्हणतो, हा खांब नव्हे, हा माणूस आहे, आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. ही निवड आईंची. एवढे सूर्योदय करून मला सुचली नसती. आता त्या रोज येतात तेव्हा मी गॅलरीत उभा असतो. आधी दोन ठिपके वरखाली होताना दिसतात, मग रस्त्यावरचा उजेड, मग त्या, आणि दर वेळी मला अभिमानाने भरून येतं, जणू त्यांना पोहायला आणि सायकल चालवायला मीच शिकवलं.

तेव्हा दादा, आई सुरक्षित आहेत. त्यांना न्यायला येण्याचं काही कारण उरलेलं नाही. तुम्ही निश्चिंत मनाने तो बेत रद्द करावा, ही विनंती. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्ही पुढच्या पत्रात पेन जरा हलक्या हाताने धरावं.

तुमच्या बहिणीचा नवरा आणि तुमच्या आईंचा चाहता

ता. क. हे पत्र आईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. वाळूच्या ढिगात त्यांचं कोपर चांगलंच सोललं होतं. मी ‘काही लागलं नाही’ असं लिहिलं ते तुमच्या झोपेची काळजी म्हणून, पण त्यांनी खरं लिहायला बजावलं आहे. जखम भरली आहे.

पुन्हा ता. क. पत्र ऐकून त्या म्हणाल्या की भ्यालेल्या माणसाला पत्र पाठवून काही होत नसतं, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागतं. तेव्हा त्या शनिवारच्या बसने तुमच्याकडे निघाल्या आहेत. सायकल टपावर येईल. रोज अंधार पडल्यावर तुम्ही त्यांच्याबरोबर सायकलने फिरायचं आहे, तुमच्यासाठी दिव्यांचा दुसरा संच त्यांनी बॅगेत भरला आहे. (तुमच्याकडच्या तलावावर शिकवायला माणूस नाही, हे वहिनींनीच त्यांना फोनवर सांगितलं. त्यांना रागावू नका, मी मनातल्या मनात रागावून झालो आहे.) किती दिवसांसाठी जाताय, असं मी विचारलं. म्हणाल्या, त्याची भीती जाईपर्यंत.

शेवटचं ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र पुन्हा उघडलं. दादा, लवकर निर्धास्त व्हा. नुसतं सोंग आणू नका, तळाला पाय टेकवून पोहल्याचा आव आणणारे त्यांना काठावरून ओळखू येतात. खरोखर निर्धास्त व्हा आणि त्यांना परत पाठवा. मला त्यांच्याशिवाय करमत नाही. हे मी तुमच्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, तिलाही करमणार नाही हे तिने मला सांगितलेलं नाही. आणि ठेवूनच घेतलंत, तर आम्ही दोघंही तुमच्याकडे राहायला येऊ. तुमच्या बहिणीचं सामान किती असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.