उतारावरची माती

प्रिय दादा,

आई गेली तेव्हा तू आलास, दोन दिवस राहिलास, पण आपलं धड बोलणं झालंच नाही. घरात माणसं होती आणि तू सारखा बाहेर जाऊन उभा राहत होतास. भिंतीवरची कमरेइतकी ओल बघून तू विचारलंस, ‘हे काय गं?’ मी ‘पाऊस’ म्हणून मोकळी झाले.

पाऊस फार नव्हता, दादा. पूर्वी याहून जास्त पडायचा, तरी पाणी पायरीशी येऊन मागे फिरायचं. आता नदीला पोटच उरलेलं नाही. माझं लग्न झालं तेव्हा हे पुलाखाली छातीभर पाण्यात उभं राहून जाळं टाकायचे. आता तिथं कोंबड्या फिरतात. तळाशी गोटे होते, त्यांच्या फटींत मासे अंडी घालायचे. त्या फटी गाळानं बुजल्या आणि मासे कधी संपले ते कळलंसुद्धा नाही. होडी परसात उपडी पडलीय. हे विटांच्या कारखान्यात जातात. घरी आले की नुसते हात धूत राहतात.

तू मात्र जिद्दीचा. बाबांच्या मागे झाडं काढून नदीच्या वरच्या अंगाचा आपला अख्खा उतार नांगराखाली आणलास, पोरांना शिकवलंस. माझ्याकडे अंथरुणाला खिळली होती तरी येईल त्याला आई तुझा फोटो दाखवायची. ‘माझ्या लेकानं डोंगर पिकवला!’ तिचा तो तोरा आठवला की अजून हसू येतं.

त्या दुपारी पाणी घरात शिरलं. आम्ही दोघांनी तिला खाटेवरून उचलून टेबलावर बसवलं, तरी ती भिजलीच. पाणी ओसरल्यावर मी चिखल लोटत होते, तर म्हणाली, ‘जरा दे इकडं.’ बोटांत चोळला, नाकाशी नेला. ‘ही आपल्या उतारावरची माती आहे गं.’ मी म्हटलं, ‘काहीतरीच तुझं!’ ‘जन्मभर खुरपलीय मी ती. मला नको शिकवूस.’ संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही. शेवटचं शुद्धीत बोलली ते एवढंच, ‘दादाला सांगू नकोस. घाम गाळलाय त्यानं. जिवाला लावून घेईल.’

मी सांगणार नव्हते. पण काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता सहज म्हणाली, उताराखालची, नदीकाठची उरलेली झाडीही काढायची, यंत्र ठरवलंय. फोन ठेवला आणि लिहायला बसले. दादा, तेवढी झाडी राहू दे. आमच्यासाठी म्हणत नाही. आम्ही हे घर सोडतोय, कारखान्याजवळ खोली मिळालीय. पण आमच्या खालच्या अंगाला अजून घरं आहेत, त्यांतही कुणाकुणाच्या आया अंथरुणाला खिळलेल्या आहेत. आईचा शब्द मोडला म्हणून रागावलास तर रागाव. रडू आलं तर मात्र एकटा बसू नकोस, इकडं निघून ये.

तुझीच,
धाकटी