पट्टीवरचे तीन दिवस

ता. २ जुलै

ति. काका,
सा. न. वि. वि.

तुमची वही मिळाली. पुलाखालच्या पट्टीवर तुम्ही वाचलेली तीस वर्षांची पाणीपातळी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरातल्या नदीशी ताडून पाहतेय. जुळतच नाही. आमच्याकडे पूर पहिल्याच दिवशी पुलाशी येतो, तुमच्या वहीत तिसऱ्या दिवशी. आमच्या नकाशात पुलाच्या वरची पाणथळ सपाट माळरान म्हणून धरलीय. ती पाणी धरून ठेवते, असं मी साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, मोजणारा घरी झोपत असेल. काकू गेली त्या वर्षीच्या मोठ्या पुराचे तीन दिवस तेवढे आमच्याशी तंतोतंत जुळतात, म्हणून तेवढेच खरे म्हणे. शुक्रवारच्या बैठकीत पाणथळ बुजवायला होकार देणार आहेत. तसं झालं तर खालच्या वस्तीला सामान उचलायलाही सवड मिळायची नाही. रोज तेच भांडून दमलेय. तुम्ही वेळेवर जेवता ना?

माया आहेच, ती राहू द्या.
तुमची पुतणी

ता. ५ जुलै

चि. पोरीस,
अ. उ. आ.

जेवतो. स्वयंपाक येतो मला.

साहेबाला म्हणावं, गमबूट घाल आणि पाणथळीत उतर. वरून आलेलं पाणी आधी तिथं शिरतं, लव्हाळ्यात बसून राहतं. ती तुडुंब झाली की मग खालच्या तोंडानं सावकाश सुटतं. दोन दिवस जातात त्यात. मी काय नदीला हात धरून थांबवत होतो?

आता ते तीन दिवस. ते खोटे आहेत. तुझी काकू दवाखान्यात, मी तिच्या उशाशी. पट्टीकडे गेलोच नाही. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोजणी ठाण्यावरचे आकडे फोनवर घेतले आणि पाणी सरळ खाली येईल असं धरून लिहून टाकले. पाणथळ डोक्यातच आली नाही. म्हणूनच तुमच्याशी जुळतात. दोघांनीही नदी न बघता लिहिलंय.

हे बैठकीत वाचून दाखव. एकही दिवस न चुकवणारा म्हणून ऑफिसात माझा फोटो लावलाय, तो काढू देत. खिळा माझा आहे, तेवढा परत आण. रडारड नको.

लोभ आहे तेवढा पुरे.
काका

ता. ११ जुलै

ति. काका,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. मग मी पाणथळ मॉडेलात आधी भरणारी आणि मग सुटणारी म्हणून बसवली, ते तीन दिवस गाळले. पूर तिसऱ्या दिवशी पुलाशी आला. बुजवणं वर्षभर तरी थांबलंय. फोटो उतरवला, खिळ्यासकट माझ्याकडे आहे.

एक अडतंय. वहीत त्याच पुराच्या तिसऱ्या दिवशी पाणी उतरलेलं आणि चौथ्या दिवशी एकदम धोक्याच्या लाल खुणेच्या वर. साहेब म्हणतात, तोही अंदाजानंच लिहिला असेल, खोडा. खोडू का?

रागावू नका, लोभ असू द्या.
पुतणी

ता. १४ जुलै

चि. पोरीस,
अ. उ. आ.

खोडू नकोस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. चौथ्या दिवशी तिला पोचवून येताना पुलाखाली उतरलो, पट्टी वाचली आणि मग घरी गेलो. घरी घाई करण्यासारखं काही नव्हतं.

तो आकडा खरा आहे.

काका