पंखा दुरुस्त होईपर्यंत

मनीषनगर, नागपूर
८ जुलै २०२४

चि. प्रशिक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू ‘ड्युटीवर आहो’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहून राहिली. नंदिनीच्या खोलीत नवं प्लायवूडचं कपाट बसवलं तेव्हापासून पोरीचे डोळे चुरचुरत, खोकला जाईना. डॉक्टरांनी आधी कपाटाचंच विचारलं, मग अगरबत्ती, मच्छर कॉइल, नवे पडदे. म्हणाले, प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघत राहते. सुरकुती न पडणाऱ्या कापडालेही तेच लावतात. कपाट बाल्कनीत काढलं, पडदे दोनदा धुतले. पोर बरी आहे.

पण पडदे तुझ्या बुटीबोरीच्या कारखान्यातले. तू तर दिवसभर तेच कापड मशीनवर तापवतोस, न् दिवाळीपासून खोकलतोस. दाखवलं काहून नाही गा?

तब्येतीले जप, एवढंच मागणं.
कौसल्या

बुटीबोरी
१५ जुलै

ती. ताईस सप्रेम जयभीम.

पडदे हौसेनं आणले, तोही गुन्हा झाला. आठ वर्षं झाली, आमच्या खात्यात सगळ्यांचेच डोळे वाहतात. मास्क लावून त्या उकाड्यात तूच उभी राहून दाखव. धूर ओढणारा पंखा मार्चपासून बंद आहे. सुपरवायझर सुशील रोज म्हणते, उद्या मेकॅनिक येईल. डॉक्टरनं काही लिहून दिलं न् मले कामावरून काढलं, तर तू येशील मशीनवर?

लोभ आहेच, तो आणखी वाढवू नको.
प्रशिक

मनीषनगर
१९ जुलै

चि. प्रशिक यास आशीर्वाद.

सोमवारी तुझी सुट्टी. नऊ वाजता ऑटो घेऊन येते. नाही निघाला तर दारातच बसते. तुझ्या घरमालकीण रंभाबाईले चहा ठेवायले सांगितला आहे.

कौसल्या

बुटीबोरी
९ ऑगस्ट

ती. ताईस सप्रेम जयभीम.

दवाखान्यात माझ्याआधी तूच बोलत सुटली, त्याचा राग अजून आहे. तपासणीचा कागद आला. श्वास कमी भरते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा दम कायमचा.

काल पंखा सुरू झाला. कसा, ते ऐक. मी अर्ज लिहिला, की पंखा दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवणार नाही. पहिली सही माझी. मागून सोळा जणांनी केली. कागद सुशीलपुढे ठेवला. वाटलं, आता फाडते. त्यानं शांतपणे वाचला, खिशातून पेन काढला न् सगळ्यांच्या खाली स्वतःची सही केली. म्हणाला, मलेही आता जिना चढवत नाही.

रागाव, पण येत राहा.
तुझा प्रशिक