घर, पाटल्या आणि ठेक्यामागून येणारं गाणं

मी, सौ. सुमेधा नीळकंठ देशकर, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार वणी, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. उगाच म्हणत नाही, मेंदूच्या तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. दोन वर्षांपूर्वी मी जॅझ गायन शिकू लागले. त्यात मध्येच शब्द सोडून नुसतं ‘डू-बा-डी’ असं गातात. मी स्वयंपाकघरात त्याचाच रियाज करत होते, तर मुलगा मंदार “आईले लकवा मारला!” म्हणून ओरडला आणि मला गाडीत घालून थेट नागपूरला घेऊन गेला. मेंदू ठणठणीत निघाला.

१. सोन्याच्या दोन पाटल्या सूनबाई अर्पिताला. मी गायला बसले की ती मिक्सर लावते. दिवसातून चार वेळा चटणी कोण वाटतं हो? तरी पाटल्या तिलाच, कारण चटणी खरंच छान होते.

२. भजनी मंडळाला मी दिलेली पेटी त्यांच्याकडेच राहू द्यावी. अध्यक्षा हंसाबाईंनी मला मंडळातून काढलं, कारण मी ठेक्याच्या जरा मागून गाते. जॅझमध्ये मुद्दाम तसं गातात. मला जॅझ शिकवणाऱ्या गोव्याच्या बाईंनी फोनवरून वर्षभर तेच घोटून घेतलं: घाई नको, ठेका पुढे जाऊ दे, तू सावकाश ये. हंसाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सुमेधाताई, तुमच्यासाठी देव थांबून राह्यला का?” तबल्यावर आमचे हेच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. ते मला फार लागलं, अजून लागतं. माझ्या तेरवीला हंसाबाईंनी जेवून जावं, गाऊ नये.

३. माईक आणि स्पीकर नात खुशीला. हातात माईक असला की घरचे ऐकतात, असा माझा समज होता. तिच्या बाबतीत तो खरा ठरो.

४. राहतं घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्या नावावर आहे. ते मी ह्यांना देणार होते. पण साक्षीदारांसाठी मी एक अट घातली: आधी माझं एक गाणं पूर्ण ऐकायचं, मग सही. दोन वर्षांत माझं एकही गाणं कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. शेजारच्या चंदाबाई तयार झाल्या. बाकी कोणाला लग्न आठवलं, कोणाचा गुडघा दुखला. शेवटी हे म्हणाले, “मी बसतो.”

मी म्हटलं, “अहो, वकिलांनी बजावलंय, साक्षीदाराला मिळकतीत काही ठेवायचं नाही. घर जाईल तुमचं.”

“घर कायले पाह्यजे मले? गा तू.”

सबब घर मंदारला. यजमानांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

ठिकाण: वणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: सुमेधा नी. देशकर

आम्ही गाणं पूर्ण ऐकलं. त्यानंतर सुमेधाबाईंनी आमच्यासमोर आणि आम्ही त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
१. चंदाबाई ढवस. समजलं काही नाही, पण मधून उठली नाही.
२. नीळकंठ देशकर. दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा मीच म्हणायला लावलं.