रजिस्टरातलं एकच वाक्य

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. खोली बरी आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत?

तू मला जिथून आणलंस, त्या अनाथालयात आज गेलो. कारकुनाने माझ्या वर्षाचं रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे ‘आई बाळंतपणात वारली’ असं होतं. मन भरून आलं. मग सहज वरची नावं वाचली. एकतीस मुलं, आणि एकतीसच्या एकतीस जणांपुढे तेच वाक्य, त्याच अक्षरात.

विचारलं, तर कारकून दात कोरत म्हणाला, “अहो काका, आई जिवंत आहे म्हटलं की लोक मूल न्यायला बिचकायचे. मग टाकायची मारून.” आणि हसला.

मला किळस आली. त्याचा चहा तसाच ठेवून उठलो. बाहेर नळाखाली दोनदा हात धुतले, तरी त्या पानांचा चिकटपणा जाईना.

तुलाही त्यांनी हेच सांगितलं असेल ना? तुझ्यावर राग नाही, जिवाला लावून घेऊ नकोस.

इतकी वर्षं देवापुढे तिच्या आत्म्याला शांती मागत आलो. आज जीभ रेटेना. तुझ्यासाठी रोज मागतो तेच मग तिच्यासाठीही मागितलं, दीर्घायुष्य.

तुझाच,
थोरला