सिलिंडरवरची रेघ

हार्लनदादा,

काल डॅडींचं रिव्हॉल्व्हर शेरिडनमधल्या टॉलिव्हरच्या बंदुकांच्या दुकानात दाखवायला नेलं. आपल्या गावाच्या शताब्दीची आठवण म्हणून काढलेल्या दोनशेंपैकी हे सतरावं. पेटी, कागद, सगळं जागेवर. म्हाताऱ्याने भिंग लावलं आणि हळहळला, "गोळी एकदाही झाडलेली नाही बाई, पण गोळ्या भरायचं हे सिलिंडर कुणीतरी नुसतंच फिरवत बसलंय. ही बारीक रेघ बघा. निम्मी किंमत गेली!"

याच रेघेपायी डॅडींनी तुला घराबाहेर काढलं.

दादा, फिरवायचे ते मी. सुट्टीतल्या दुपारी, कपाटात बसून, कानाशी धरून. वाळल्या गवतात नाकतोडे उडावेत तशी त्याची टिकटिक ऐकत मी कुठल्या कुठे जायचे.

"कुणाचा हा उद्योग?" टॉलिव्हरने विचारलं.

माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "भावाचा."

पत्रं लिहून टपालात न टाकणारी,
नोरीन